शिसं नाही, गांडूळ नाही: फ्लाय फिशिंग नेमकं चालतं कसं

कृष्णेच्या किंवा कोयनेच्या काठावर गळ टाकणारा माणूस आमिष लांब फेकतो ते शिशाच्या जोरावर. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, वर वीतभर अंतरावर शिसं आणि मागं तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी. शिसं पुढं जातं आणि तंगसाला ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये हा हिशेब उलटा आहे. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा, म्हणजे फ्लाय, इतका हलका असतो की फुंकर मारली तरी तळहातावरून उडेल. तो फेकताच येत नाही. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. जाड, गुळगुळीत, प्लास्टिकचं आवरण असलेली दोरी हवेत फेकायची, फ्लाय तिच्या टोकाला बांधलेला असतो म्हणून जातो.

बाकीचं सगळं या एका गोष्टीतून निघतं. रॉड लांब आणि लवचीक का, फेकायला ताकद का लागत नाही, धरलेला मासा जिवंत सोडणं का जमतं आणि या खेळाभोवती एवढ्या संस्था, शाळा आणि वाद का उभे राहिले, याची मुळं तिथंच आहेत. साताऱ्या-सांगलीत हा खेळ करणारे अजून मोजकेच. पाणी आहे, मासे आहेत, पण सुरुवात करणारा बहुतेकदा परदेशातले व्हिडिओ बघून ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठीचं सामान मागवतो आणि इथल्या घाटावर उभा राहून वैतागतो.

दोरीचा नंबर आधी, रॉड नंतर

फ्लाय लाइनला नंबर असतो. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या मासेमारी साहित्याच्या उत्पादकांनी ही पद्धत ठरवली, आणि आज जगभर तीच चालते. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं, म्हणजे सुमारे ९ मीटरचं वजन करायचं आणि त्यावरून नंबर द्यायचा. ५ नंबरच्या लाइनचा तेवढा तुकडा सुमारे ९ ग्रॅम भरतो, ६ नंबरचा साडेदहाच्या आत, ८ नंबरचा साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. रॉडवर छापलेला नंबर म्हणजे हा रॉड त्या नंबरच्या लाइनच्या वजनानं नीट वाकतो, एवढंच. ५ नंबरची लाइन ८ नंबरच्या रॉडवर चढवली तर रॉड वाकतच नाही, आणि वाकला नाही तर फेकतही नाही. उलट केलं तर रॉड चिंधीसारखा लोळतो.

परदेशी सल्ला ‘९ फुटी, ५ नंबर’ हा ट्राउटसाठी आहे. आपल्याकडे पहिला रॉड ९ फुटी ६ नंबर घ्यावा. चिलापी (तिलापिया) आणि लहान सायप्रिनसला (कॉमन कार्प) तो पुरतो आणि दुपारच्या वाऱ्यात ५ नंबरपेक्षा बरा चालतो. मरळ किंवा खडस, म्हणजे महाशीर, हेच डोक्यात असेल तर ८ नंबर. चार तुकड्यांचा रॉड एसटीत आणि मोटरसायकलवर नेता येतो. तुकडे जोडताना सांध्यात थोडं फिरवून घट्ट बसवा आणि तासाभरानं परत तपासा. सांधा सैल पडून वरचा तुकडा पाण्यात जाणं किंवा सांध्यापाशीच रॉड चिरणं हा नवख्यांचा ठरलेला अपघात.

पैसे कमी असतील तर रिळावर वाचवा, लाइनवर नाही. स्वस्त लाइनचं आवरण खरखरीत असतं, ती रॉडच्या कड्यांतून सरकत नाही आणि गुंडाळीचे वळसे तिच्यात तसेच राहतात. शिकणारा दोष स्वतःच्या हाताला देत बसतो. सुरुवातीची लाइन तरंगणारी आणि पुढं जड असलेली घ्यावी. खोक्यावर तिची खूण ‘डब्ल्यू एफ ६ एफ’ अशी असते. लांबी साधारण २५ ते ३० मीटर. तिच्या मागं रिळावर ५० ते १०० मीटर बारीक विणलेली डॅक्रॉनची दोरी भरतात, तिला बॅकिंग म्हणतात. मोठा मासा पळाला तर ती कामी येते, शिवाय रिळाचा पोटभाग भरल्यामुळं लाइनचे वळसे मोठे राहतात. रीळ म्हणजे इथं मुख्यतः दोरीचं कपाट. अमेरिकेतल्या ऑर्व्हिस कंपनीनं १८७४मध्ये भोकं पाडलेल्या, अरुंद आणि उभ्या रिळाचं पेटंट घेतलं, आजची रिळं अजून त्याच वळणाची आहेत. तेव्हा लाइन रेशमाची असे, ती वाळावी म्हणून भोकं.

लाइनच्या टोकाला फ्लाय थेट बांधत नाहीत. मधे पारदर्शक, निमुळता होत जाणारा लीडर असतो, सुमारे ९ फूट. तो निमुळता का, तर लाइनमधून आलेला जोर हळूहळू बारीक होत फ्लायपर्यंत पोचावा आणि फ्लाय पाण्यावर अलगद उलगडावा. एकाच जाडीचा तंगूस लावला तर जोर मधेच मरतो आणि सगळा गुंता लाइनच्या टोकावर ढिगासारखा पडतो. विकतचा लीडर मिळत नसेल तर साध्या तंगसाचा करता येतो: ०.५० मिमीचा १२० सेंमी, मग ०.४०चा ६० सेंमी, ०.३०चा ४० सेंमी आणि शेवटी ०.२०चा ५० सेंमी. गाठी बांधून झाल्यावर मिळून २७० सेंमीच्या आत-बाहेर भरतो. तुकडे जोडायला दुहेरी सर्जन गाठ, म्हणजे दोन्ही टोकं एकत्र धरून दोनदा ओवलेली साधी गाठ, पुरते. गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी आवळली की घर्षणानं तापते आणि तंगूस तिथंच कमजोर होतो.

शेवटच्या बारीक तुकड्याला टिपेट म्हणतात. त्याचा नंबर ‘एक्स’मध्ये असतो आणि तो उलटा चालतो, नंबर मोठा तर तंगूस बारीक. हिशेब सोपा आहे: ११मधून नंबर वजा करा, उत्तर म्हणजे इंचाच्या हजारांश भागात जाडी. ३ एक्स म्हणजे ८ हजारांश इंच, म्हणजे ०.२० मिमी. कोणत्या गळाला कोणता टिपेट, यासाठी गळाच्या नंबरला ३नं भागतात. १२ नंबरच्या गळाला ४ एक्स. फार जाड लावला तर फ्लाय काठीसारखा ताठ ओढला जातो, फार बारीक लावला तर फेकताना पिळतो आणि मासा लागला की तुटतो.

थांबायला शिकणं

फेकीचं तंत्र शब्दांत किचकट वाटतं, पण त्यातल्या चुका मोजक्याच आहेत. आधी कृती.

रॉडचं टोक पाण्याजवळ, समोर ९-१० मीटर लाइन सरळ पसरलेली, ढील सगळी ओढून घेतलेली. रॉड सावकाश उचला, लाइन पाण्यावरून सुटत यायला हवी. फक्त लीडर पाण्यात उरला की वेग वाढवत मागं न्या आणि डोक्याच्या थोडं मागं, घड्याळात एक वाजतो तिथं, झटकन थांबवा. आता काहीही करू नका. मागं लाइनचा वळसा उलगडून ती सरळ होईपर्यंत थांबा. मान वळवून बघितलं तरी चालतं, सुरुवातीला बघावंच. सरळ झाली की वेग वाढवत पुढं, साडेदहाच्या जागी पुन्हा झटकन थांबा. वळसा पुढं उलगडला की टोक खाली आणा.

रॉड थांबतो तेव्हा त्याचं टोक थांबतं आणि लाइन पुढं जात राहते. वळसा तयार होतो तो या थांबण्यातून, रेटण्यातून नव्हे. मागचा थांबा कमी पडला की बैलगाडीवाल्याच्या आसुडासारखा फटकारा ऐकू येतो, आणि बघावं तर फ्लाय गायब. लाइन मागं उलगडायच्या आतच पुढं ओढल्यानं टोकाला इतका झटका बसतो की गाठ किंवा टिपेट तुटतो. फटकारा आला की थांबा वाढवा. लाइन जितकी लांब, तितका थांबा लांब.

दुसरी चूक मनगटाची. मनगट मागं मोडलं की रॉडचं टोक कमानीत फिरतं, वळसा दाराएवढा मोठा होतो आणि वाऱ्यात कोसळतो. शर्टाच्या बाहीत रॉडची मूठ खोचून किंवा मनगटाला रबरानं बांधून हे सुटतं. तिसरी चूक जरा फसवी आहे: पुढं नेताना सुरुवातीलाच हिसका. त्यामुळं टोक खाली दबतं, लाइनचा वरचा भाग खालच्याला ओलांडतो आणि लीडरला आपोआप गाठ पडते. लोक तिला वाऱ्याची गाठ म्हणतात. वाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. अशी गाठ असलेला टिपेट निम्म्या ताकदीवर येतो, तो कापून नवा लावावा.

अमेरिकेतल्या गॅमेल पितापुत्रांनी हे सगळं पाच सूत्रांत बसवलं: ढील कमीत कमी, टोकाचा मार्ग सरळ, लाइन लांब तसा हाताचा पल्ला लांब, लाइन लांब तसा थांबा लांब, आणि जोर योग्य जागी योग्य तेवढाच. आज ‘फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल’ या १९६५मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे प्रशिक्षक ही सूत्रं शिकवतात. संस्थेनं १९९२पासून प्रशिक्षकांची परीक्षा सुरू केली. मासा किती मोठा धरला हे तिथं कुणी विचारत नाही. वळसा अरुंद-रुंद करून दाखवा आणि चूक का झाली ते सांगा, अशी ती परीक्षा.

घड्याळातल्या दहा आणि एकवर भर देणारी जुनी शिकवण मोडून काढली ती मेरीलँडच्या लेफ्टी क्रे (१९२५–२०१८) यांनी. समुद्रात जड फ्लाय आणि वारा असताना कमरेतून वळून, हात खाली ठेवून लांब पल्ला घ्यावा, असं ते शिकवत. नवख्यानं घड्याळानं सुरुवात करावी आणि हात बसला की घड्याळ सोडून द्यावं.

जोन वुल्फ यांचं नावही इथं घ्यायलाच हवं. जन्म १९२६, न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये वाढलेल्या. १९५१मध्ये त्यांनी लांब फेकीची राष्ट्रीय स्पर्धा सगळ्या पुरुषांना मागं टाकून जिंकली आणि १९६०मध्ये १६१ फुटांची फेक केली. दंडात ताकद लागत नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा देता येणार नाही. १९७९मध्ये पती ली वुल्फ यांच्यासोबत त्यांनी न्यूयॉर्क राज्यात फेकीची शाळा काढली.

सरावाला पाणी लागत नाही. गवत असलेलं शाळेचं मैदान पुरे. मुरूम किंवा काँक्रीट नको, लाइनचं आवरण घासून जातं. गळाऐवजी लाल लोकरीचा छोटा तुकडा बांधा. स्पर्धांमध्ये ३० इंचांच्या कड्या लक्ष्य म्हणून ठेवतात. सायकलचा जुना टायर त्याहून थोडा लहान, म्हणजे अधिक कडक परीक्षा. रोज १५-२० मिनिटं पुरतात. त्याहून जास्त केलं तर हात दमतो आणि चुकीची सवय लागते. टोपी आणि चष्मा मैदानातही हवाच. वारा उजवीकडून येत असेल तर उजव्या हाताच्या माणसाच्या कानाकडं फ्लाय येतो. अशा वेळी फेक डाव्या खांद्यावरून घ्यावी.

दवाखान्यापर्यंत पोचलेली फेक

हलक्या हाताची, लयीची, खांदा मोकळा करणारी हालचाल म्हटल्यावर डॉक्टरांचं लक्ष जाणारच. १९९६मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये एक शल्यचिकित्सक आणि एक फ्लाय फिशिंग प्रशिक्षक अशा दोघींनी ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ सुरू केलं. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा आणि दंड आखडतात. त्यासाठी डॉक्टर सांगतात त्या व्यायामाशी ही फेक बरीच जुळते. अडीच दिवसांचं शिबिर, १४पर्यंत महिला, कुणाकडूनही पैसे नाहीत. कर्करोगाच्या पुरुष रुग्णांसाठी ‘रील रिकव्हरी’ २००३मध्ये निघालं. २००५मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ सुरू झालं. तिथं फेकीबरोबर फ्लाय बांधणंही शिकवतात, कारण बोटांचं बारीक काम आणि एकाग्रता दोन्ही त्यात येतात.

मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात आणि साताऱ्यासारख्या फौजी घरांच्या जिल्ह्यात असं काही उभं राहायला मासेही लागणार नाहीत. चार रॉड, एक मैदान आणि सोबत फिजिओथेरपिस्ट. तो मात्र हवाच, कारण शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी हात किती उचलायचा हे त्यालाच ठरवता येतं.

पिसांचा किडा आणि पिसांचा लोभ

फ्लायचे चार मुख्य प्रकार. पाण्यावर तरंगणारा ड्राय फ्लाय. पाण्याखाली किड्याच्या अळीसारखा दिसणारा निंफ. पृष्ठभागाच्या जरा खाली वाहणारा वेट फ्लाय. आणि लहान माशासारखा ओढत आणायचा स्ट्रीमर. आपल्याकडं निंफ आणि स्ट्रीमर या दोघांवर वर्ष निघतं.

पहिला फ्लाय बांधायचा तर ‘वूली बगर’ बांधावा. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी तो १९६७मध्ये केला. तो नेमका कशाची नक्कल आहे हे सांगता येत नाही, बहुधा म्हणूनच सगळे मासे त्याला तोंड लावतात. लांब दांड्याचा ८ नंबरचा गळ घ्या. दांड्यावर बारीक शिशाची तार १०-१२ वेढे गुंडाळा. शेपटीला टर्कीचं मऊ पीस लावा, लांबी गळाच्या दांड्याएवढीच. जास्त लांब ठेवलं तर मासा शेपटी चावतो आणि गळ लागत नाही. मग अंगाला झुबकेदार शनिल धागा, त्यावर कोंबड्याचं एक लांब पीस सर्पिल वेढ्यांनी, आणि उलट दिशेनं बारीक तांब्याची तार, म्हणजे दातांनी पीस सुटणार नाही. गळाच्या डोळ्यापाशी २ मिमी जागा मोकळी सोडा. ही जागा न सोडणं ही नवख्यांची सार्वत्रिक चूक. शेवटची गाठ डोळ्यावर येते आणि मग टिपेट ओवताच येत नाही.

तांब्याची ०.२ मिमीची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तुकड्यांत मिळते. इंग्लंडच्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर यानं तर दोरा वगळून नुसती तार आणि फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू वापरून निंफ केला. तारेनं वजनही आलं आणि बांधणीही झाली. तो आजही जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या निंफांत आहे.

कोंबड्याचं पीस म्हटलं की ब्रॉयलर उपयोगी नाही. तो काही आठवड्यांचा असताना कापला जातो, पिसं मऊ आणि बुटकी. गावठी, वर्षभर वाढलेल्या कोंबड्याच्या मानेची पिसं मागा. घरी आणून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. नाहीतर पिसांतले किडे डब्यातलं सगळं सामान फस्त करतात. मोरपिसाचे तंतू अनेक फ्लायच्या अंगाला लागतात. गळून पडलेलं मोरपीस देशात बाळगायला कायद्यानं सूट आहे, निर्यातीला नाही.

रानकोंबड्याचं पीस मात्र नको. कोयना, चांदोली, कासच्या जंगलात आरवणाऱ्या आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे चमकदार ठिपके असतात. इंग्लंडमधल्या सॅमन माशासाठीच्या जुन्या फ्लायमध्ये या पिसांना मोठा मान होता. शेकडो कातडी हिंदुस्थानातून बोटीनं गेली. आज हा पक्षी वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं विकली जातात, आपल्याकडं मारणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा. हौस कुठपर्यंत जाते याचं टोकाचं उदाहरण २००९चं. इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून एका संगीत शिकणाऱ्या तरुणानं दुर्मीळ पक्ष्यांची २९९ कातडी चोरली, तीही जुन्या पद्धतीचे फ्लाय बांधणाऱ्यांना विकायला. या फ्लायनी मासे धरतही नाहीत, काचेच्या चौकटीत ठेवतात. त्यापेक्षा मोटारीच्या तारेचा निंफ कधीही बरा. कधीकधी बाहेरचाच धक्का बसतो. २०११मध्ये अमेरिकेत केसांत पिसं लावायची फॅशन आली आणि फ्लायसाठी पैदास केलेल्या कोंबड्यांची लांब पिसं दुकानांतून गायब झाली.

आपलं पाणी, आपले मासे

ट्राउट इथं नाही आणि होणारही नाही. त्याला २० अंशांच्या आतलं पाणी लागतं. काश्मीर, हिमाचल, निलगिरी आणि मुन्नार इथं इंग्रजांनी आणलेला ट्राउट टिकला तो थंडीमुळं.

इथल्यापैकी फ्लायला हमखास येते ती चिलापी. १२ ते १४ नंबरचा जड डोक्याचा निंफ, कडेच्या उथळ पाण्यात, अगदी सावकाश ओढायचा. सायप्रिनस तळातला चिखल उकरून खातो. पाण्यात गढूळ ढग उठताना दिसला की त्याच्या तोंडासमोर वीतभरावर निंफ ठेवायचा आणि हलवायचा नाही. मरळीला गवताच्या कडेला तरंगणारा बेडकासारखा फ्लाय लागतो. गळाच्या टोकापुढं तारेची आडकाठी असावी, नाहीतर प्रत्येक फेकीला जलपर्णी वर येते. रोहू-कटल्याच्या मागं लागू नका. ते मुख्यतः प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आणि शेवाळ खातात, फ्लायला क्वचितच येतात. धरणांत त्यांचीच संख्या जास्त दिसते म्हणून नवखे तिथंच उन्हं काढतात.

मासा लागला की रॉड वर झटकायची जुनी सवय मोडावी लागते. रॉडचं टोक खाली, माशाकडं रोखलेलं, आणि डाव्या हातानं लाइन फूटभर खेचायची. गळ तोंडाच्या कडेला बसतो. रॉड उचलला तर फ्लाय तोंडातून निघून जातो, आणि खडस दुसऱ्यांदा येत नाही.

घाटावर मागं पायऱ्या, देवळं, वडाच्या फांद्या. मागची फेक तिथं शक्य नसते. तेव्हा रोल कास्ट. रॉड सावकाश वर घेत खांद्याच्या मागं आणा, लाइन पाण्यावरून सरकत येऊन कोपरामागं पोट सुटल्यासारखी लोंबते. इथं पूर्ण थांबा. मग पुढं वेग वाढवत नेऊन झटकन थांबवा. लाइनचं टोक पाण्यात चिकटलेलं असल्यामुळंच रॉडला भार मिळतो, म्हणून हे गवतावर नीट जमत नाही. १०-१२ मीटर सहज जातं. मात्र जिथं भाविक माशांना लाह्या-चुरमुरे घालतात त्या घाटावर लाइन काढूच नये.

जावळीतल्या अरुंद ओढ्यांना जपानी टेंकारा पद्धत जास्त सोयीची. रीळ नाही, तुकडे एकात एक सरकणारा साडेतीन-चार मीटरचा रॉड, टोकाला तेवढीच लाइन आणि एक फ्लाय. २००९नंतर अमेरिकेत तिची लाट आली. नदीकाठच्या पोरांच्या हातातल्या बांबूच्या काठीपासून ती फार लांब नाही. काठीच्या टोकाला निमुळती लाइन आणि गांडुळाऐवजी निंफ बांधून बघायला हरकत नाही.

पाश्चात्त्य चित्रांतला फ्लाय फिशर कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. सांगलीत हे करू नका. भिलवडी, औदुंबर, डिग्रज ते सांगली या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. पाण्याच्या कडेला बसू नये, गुडघाभरही उतरू नये, आणि सुटलेला फ्लाय आणायला तर मुळीच नाही. धोम, कण्हेर, कोयनेच्या खालच्या पात्रात दुसरा धोका असतो: विसर्ग वाढला की कोरडा खडक बघताबघता बेट होतो. भोंगा वाजला की सामान नंतर, आधी काठ.

परवानगीचं म्हणाल तर जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागामार्फत बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. त्या संस्थेकडं आधी जाऊन बोला. ‘सोडून देणार आहे’ हे सांगितलं तरी पाणी त्यांचंच. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथं रॉड घेऊन जाऊच नये. कर्नाटकात कावेरी अभयारण्यातली गळाची प्रसिद्ध शिबिरं वन्यजीव कायद्यामुळंच बंद पडली, आणि तिथलेही मासे सोडलेच जात होते. आषाढ-श्रावणात, मासे चढणीला लागले की, कायदा काहीही म्हणो, लाइन गुंडाळून ठेवावी. पोटात अंडी असलेला मासा दमवणं म्हणजे पुढच्या वर्षाचे मासे आजच मारणं.

सोडायचा कसा, आणि कुणाला नाही

गांडूळ मासा गिळतो, गळ घशात जातो आणि मग सोडलेला मासाही बहुधा मरतो. पिसांचा किडा त्याला तोंडात घेताच खोटा लागतो, तो थुंकायच्या बेतात असतानाच गळ ओठाला लागतो. म्हणून फ्लायवर धरलेला मासा वाचण्याची शक्यता पुष्कळ जास्त. ली वुल्फ यांनी तर १९३०च्या दशकाच्या अखेरीस लिहिलं की चांगला मासा एकदाच धरण्याइतका स्वस्त नाही. १९५९मध्ये मिशिगनच्या ओ सेबल नदीकाठी एका घरात १६ गळवाले जमले आणि ‘ट्राउट अनलिमिटेड’ स्थापन झाली. सरकारनं हौदातले मासे आणून ओतण्यापेक्षा नदी सुधारावी, ही तिची मागणी. ही संस्था आज शाळांत मुलांकडून ट्राउटची अंडी उबवून घेते.

हौदातल्या माशांचा धडा आपल्याकडंही आहे. दख्खनच्या खडसाचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९मध्ये केलं, नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. १९७०च्या दशकापासून टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याजवळ वळवण इथं त्याची कृत्रिम पैदास केली, आणि ही जात आज धोक्याच्या यादीतून बाहेर आहे. पण तेच बीज दूर कावेरीत सोडलं गेलं आणि तिथल्या मूळच्या वशिंडाच्या महाशीरला त्यानं मागं ढकललं. ती जात २०१८पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. म्हणून हौसेनं कुठलंही बीज आणून ओढ्यात सोडू नये, खडसाचंसुद्धा.

सोडताना: गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून सपाट केलेला असावा. हात ओले करा, कोरड्या हाताला माशाचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तिथं बुरशी धरते. मासा पाण्यातच ठेवून पक्कडीनं गळ उलट फिरवा. फोटो हवा असेल तर पाण्याबाहेर १० सेकंदांच्या आत. कल्ल्यात बोट घालून उचलू नये. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं आणि कोमट असतं, त्यात प्राणवायू कमी असतो. मार्च-एप्रिलनंतर सकाळी नऊलाच थांबावं, दुपारी दमलेला मासा सोडला तरी उलटा होतो. कारखान्याच्या सांडपाण्यानं मासे मरून तरंगत असतील तेव्हा रॉड काढण्यात अर्थ नाही. नमुन्यासाठी बाटलीभर पाणी भरा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

सगळेच मासे सोडायचे नाहीत. चिलापी १९५२मध्ये भारतात आणलेली परदेशी जात, ती देशी माशांची जागा खाते. ती घरी न्या. बाहेरून आलेला आफ्रिकी मांगूरही तसाच, त्याची पैदास आणि विक्री २०००पासून बंदीखाली आहे. तो गळाला आला तर पाण्यात परत टाकू नका आणि दुसऱ्या तळ्यात तर अजिबात नेऊ नका. जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला जागा कळवा.